लाडक्या विद्यार्थ्याच्या नावाने स्कॉलरशिप सुरू करायचीय? मग मार्कांच्या पलीकडचं हे सगळं आधी ठरवा

एखादा विद्यार्थी अचानक जातो आणि थोड्याच दिवसांत मित्रांपैकी, शिक्षकांपैकी किंवा नात्यातलं कोणीतरी म्हणतं की त्याच्या नावाने काहीतरी करूया. पैसेही पटकन जमायला लागतात. मग घाईघाईत जे सगळ्यात सोपं सुचतं तेच होतं, दरवर्षी पहिल्या येणाऱ्याला त्याच्या नावाचं बक्षीस. पण तो पहिला येत होता म्हणून आपण रडलो का? तो आठवतो ते नव्या मुलाशेजारी स्वतःहून जाऊन बसायचा म्हणून, कोणाची टिंगल चालू असली की विषय बदलायचा म्हणून. बक्षीस मार्कांना गेलं की दोन-तीन वर्षांत त्याचं नाव फक्त सर्टिफिकेटवर उरतं, तो कसा होता हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही नाही.

अशा कामांत मी बरीच वर्षं शिक्षक म्हणून बसलोय, आणि माझं मत पक्कं झालंय की स्वभावाच्या नावाने स्कॉलरशिप देता येते, नीट देता येते, फक्त स्वभाव म्हणजे नेमकं काय ते आधी कागदावर उतरवावं लागतं आणि तो शोधायची पद्धत मार्कांपेक्षा वेगळी ठेवावी लागते. पायरी पायरीने सांगतो.

पायरी १: आधी घरच्यांशी बोला, आणि घाई करू नका

पहिल्या काही आठवड्यांत काहीच पक्कं करू नका. दुःखात माणूस कशालाही हो म्हणतो आणि नंतर त्याच हो चा त्रास होतो. घरच्यांपैकी एकच माणूस ठरवून घ्या ज्याच्याशी सगळं बोलणं होईल, आई-बाबांनाच फोन करत राहायची गरज नाही, काका, मावशी, मोठी बहीण कोणीही चालेल. त्यांना विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. नाव कसं लिहायचं, फोटो वापरायचा का, आजाराचा किंवा अपघाताचा उल्लेख करायचा की नाही, कार्यक्रमाला यायला त्यांना झेपेल का. भावंडं त्याच शाळा-कॉलेजात असतील तर त्यांना वेगळं विचारा, कारण दरवर्षी स्टेजवरून भावाचं नाव ऐकणं सगळ्यांना जमेलच असं नाही. आणि घरचे नको म्हणाले तर नको, तिथे मन वळवत बसायचं नाही.

मृत्यू कसा झाला हे स्कॉलरशिपच्या कुठल्याही कागदावर येऊ नये असं मला वाटतं. विद्यार्थ्याने स्वतःचं आयुष्य संपवलं असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. अशा वेळी शाळांना तज्ज्ञ हेच सांगतात की कुठलाही मृत्यू असो, स्मरणाची पद्धत सारखीच ठेवा आणि मृत्यूला मोठेपणा येईल असं काही करू नका, कारण आधीच खचलेल्या दुसऱ्या मुलांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. बोलायचं ते तो जगला कसा यावर.

तोपर्यंत कोणी पैसे दिलेच तर ते कोणाच्या खासगी खात्यात घेऊ नका. वेगळं खातं, दोघांच्या सह्या, आणि प्रत्येक रकमेची पावती. पैसे कशासाठी गोळा करतोय हे पहिल्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, आणि त्यातच एक ओळ टाका की स्कॉलरशिप उभी राहिली नाही तर या पैशाचं काय होईल. ही ओळ नंतर लिहिता येत नाही, कारण लोकांनी ज्या कामासाठी पैसे दिले त्याशिवाय दुसरीकडे ते वापरणं चुकीचं आणि बऱ्याच ठिकाणी बेकायदेशीरही आहे.

पायरी २: "खूप चांगला होता" याच्या पुढे जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, बाकी सगळं यावरच उभं राहतं.

त्याला ओळखणाऱ्या जितक्या लोकांना गाठता येईल तितक्यांकडून छोट्या चिठ्ठ्या लिहून घ्या. पहिल्या फेरीत सगळ्या चिठ्ठ्यांवर जवळपास एकच मजकूर येतो, हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांना मदत करणारा. हे खोटं नसतं पण याने काम होत नाही, कारण या तीन शब्दांत कोणीही बसतं. मग प्रत्येकाला परत विचारा: कधी? कुठे? नेमकं काय केलं? इथे खरा माणूस दिसायला लागतो. एका मुलीबद्दल पहिल्या फेरीत नुसतं "हेल्पफुल" आलं होतं, आणि खोदून विचारल्यावर कळलं की वर्गात कोणी आजारी असलं की ती त्या दिवसाच्या नोट्स दोनदा लिहायची, एकदा स्वतःसाठी आणि एकदा त्या मुलासाठी, आणि त्याच्या बाकात ठेवून द्यायची, नाव न लिहिता. कोणी ठेवल्या हे बऱ्याच जणांना ती गेल्यावरच कळलं, तेही अक्षरावरून. प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी सांगितलं की प्रॅक्टिकल संपल्यावर दुसऱ्यांच्या टेबलावरच्या परीक्षानळ्याही तीच धुवून ठेवायची, आणि काकांना त्यांच्या नावाने हाक मारणारी वर्गात तीच होती. हे शिक्षकांच्या एकाही चिठ्ठीत नव्हतं. म्हणून फक्त शिक्षकांना विचारू नका. बसचे ड्रायव्हर, लायब्ररीतले लोक, ऑफिसमधले शिपाई, खालच्या वर्गातली मुलं, यांना आवर्जून विचारा.

आता सगळ्या चिठ्ठ्या समोर घ्या आणि परत परत येणारं वागणं शोधा. गुण शोधू नका, वागणं शोधा. "दयाळूपणा" लिहून काही होत नाही, "कोणाला कळणार नाही अशा पद्धतीने दुसऱ्याचं काम सोपं करणं" हे लिहिलं की कमिटीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट येते. अशी दोन किंवा तीन वाक्यं पुरेत. पाच-सहा केलीत की परत सगळं सरमिसळ होतं आणि कोणीही बसायला लागतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो, त्याला देव करू नका. तो उशिरा यायचा, वह्या अपूर्ण असायच्या, मित्रांशी भांडायचा, हे सगळं असू दे. त्याच्या माहितीचं जे पान तुम्ही लिहाल त्यात एखादी अशी गोष्ट राहिली तर बिघडत नाही, उलट पुढच्या मुलांना तो खरा वाटतो. आदर्श पुतळ्यासारखं लिहिलं की वाचणारं मूल म्हणतं, आपल्याला हे जमणारच नाही.

पायरी ३: कोणाला द्यायची आणि मार्कांचं काय करायचं

मार्कांवरची शिष्यवृत्ती वाईट असते असं मी म्हणत नाहीये. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती बघा, मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला मिळायची, १९१२ साली ती पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तिथे निकष एकदम स्वच्छ होता, कमिटीला भांडायला जागाच नाही. दुसऱ्या टोकाला ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकायला मिळणारी ऱ्होड्स स्कॉलरशिप आहे. ती ज्याच्या पैशातून सुरू झाली तो सेसिल ऱ्होड्स, आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर श्रीमंत झालेला ब्रिटिश राजकारणी, १९०२ साली वारला, त्याचं साम्राज्यवादी राजकारण हा वेगळा आणि गंभीर विषय, पण त्याच्या मृत्युपत्रात अभ्यास आणि खेळाबरोबर खरेपणा, धैर्य, कर्तव्यनिष्ठा, दुबळ्यांबद्दल सहानुभूती, निःस्वार्थीपणा असे निकष होते. आणि ते मोजायचे कसे हेही त्याने लिहून ठेवलं होतं: अभ्यासाचे मार्क परीक्षेतून, खेळ आणि या गुणांचे मार्क सोबतच्या विद्यार्थ्यांच्या गुप्त मतदानातून, आणि नेतृत्वाचे मार्क मुख्याध्यापकांकडून. म्हणजे स्वभाव कसा आहे हे वर्गातल्या मुलांनाच जास्त कळतं एवढं त्या माणसालाही पटलं होतं. मतदानाची अडचण एवढीच की त्यात लोकप्रिय मुलं जिंकतात आणि गप्प राहणारी मागे पडतात, म्हणून मुलांचं म्हणणं घ्या, मतं मोजू नका.

तुमच्या स्कॉलरशिपसाठी माझा सल्ला असा की मार्कांची अट फक्त पास असण्याची ठेवा. साठ टक्के, सत्तर टक्के अशी अट घातली की नकळत परत तीच मुलं येतात ज्यांना बाकीची बक्षिसं मिळतातच.

आर्थिक गरज बघायची का, हा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर घरच्यांशी नीट बोला. मला विचाराल तर निवड वागण्यावर करा आणि रक्कम गरजेवर ठरवा. म्हणजे मान सगळ्यांना सारखा, पण ज्याच्या घरी फी भरायची चिंता आहे त्याला जास्त रक्कम. फक्त ही रक्कम स्टेजवर जाहीर करायची नाही, नाहीतर मुलाची घरची परिस्थिती सगळ्यांसमोर उघडी पडते.

पायरी ४: अर्ज मागवू नका, नावं सुचवून घ्या

"मी इतरांना कशी मदत केली यावर पाचशे शब्दांत निबंध लिहा" असा फॉर्म कृपा करून काढू नका. जो गुपचूप मदत करतो तो हा निबंध लिहिणारच नाही, आणि लिहिला तरी त्याला स्वतःबद्दल असं लिहिताना लाज वाटेल. ज्याची भाषा चांगली किंवा ज्याच्या घरी लिहून द्यायला कोणी आहे तो जिंकणार.

याला अभ्यासाचाही आधार आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, काहींना न सांगता शेवटी अचानक बक्षीस दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढत होती, अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या बाबतीत असं काही झालं नाही. चित्रं आणि चांगुलपणा एकच नव्हे हे मान्य, पण मला यातून सरळ दिसतं ते असं की चांगुलपणाची स्पर्धा लावायची नाही, नकळत बघायचं आणि अचानक द्यायचं.

तर नावं सुचवायचा फॉर्म काढा, एका पानाचा. त्यात तीनच प्रश्न ठेवा. या विद्यार्थ्याने केलेली एखादी गोष्ट सांगा जी तुम्ही स्वतः पाहिली. त्या गोष्टीचा फायदा कोणाला झाला. ती गोष्ट अजून कोणाला माहीत आहे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्या दुसऱ्या माणसाला कमिटीने जाऊन विचारायचं असतं, म्हणजे एकाच्या कौतुकावर निवड होत नाही. फॉर्म भरायला कोणालाही परवानगी द्या, फक्त स्वतःचं आणि स्वतःच्या घरातल्याचं नाव देता येणार नाही. ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे त्यांच्याकडे जाऊन तोंडी विचारा आणि तुम्ही लिहून घ्या, सगळ्यात चांगली नावं तिथूनच येतात. आणि नाव सुचवलं गेलंय हे त्या मुलाला कळू देऊ नका, न मिळाल्याचं दुःखही मग होत नाही.

पायरी ५: कमिटी

पाच जण पुरेत. दोन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, एक माजी विद्यार्थी जो त्याला ओळखत होता, आणि एक बाहेरचा माणूस ज्याचा शाळेशी काही संबंध नाही. घरच्यांपैकी कोणी असावं का यावर लोकांची मतं वेगवेगळी असतात, मला वाटतं त्यांनी शेवटच्या दोन-तीन नावांच्या गोष्टी वाचाव्यात, त्यांचं मत सांगावं, पण मतदानाचं ओझं त्यांच्यावर टाकू नये. ज्याच्या ओळखीचं मूल यादीत आहे त्याने त्या वर्षी बाजूला बसायचं, याला अपवाद नाही.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या लोकांचं मूल्यमापन करताना एका गुणाने भारावले की बाकीच्या गुणांनाही तसेच मार्क देऊन टाकतात, शरीरयष्टी चांगली तर बुद्धीही चांगली, स्वभावही चांगला. आपल्याकडे हे रोज होतं, हुशार मूल आपोआप चांगलं मूल वाटतं. त्यावर उपाय साधा आहे. फॉर्मवरून नाव आणि मार्क झाकून टाका, प्रत्येकाने आपापल्या घरी प्रत्येक वागण्याला वेगळे गुण द्यायचे, म्हणजे आधी सगळ्यांची पहिल्या निकषावर तुलना, मग दुसऱ्या निकषावर, आणि गुण लिहून झाल्याशिवाय एकमेकांशी चर्चा करायची नाही. नाहीतर मीटिंगमध्ये जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचं नाव पुढे सरकतं. मुलांचा इंटरव्ह्यू मात्र घेऊ नका. बोलका मुलगा आणि चांगला मुलगा यात तिथे हमखास गल्लत होते.

पायरी ६: पैशाचं गणित

इथे भावनेपेक्षा कॅल्क्युलेटर जास्त उपयोगी. दोन पद्धती आहेत. एक, मुद्दल कायम ठेवायचं आणि फक्त उत्पन्नातून द्यायचं. दोन, जमलेले पैसे ठराविक वर्षांत वाटून संपवायचे.

पहिल्या पद्धतीत लोक सगळं व्याज वाटून टाकतात आणि महागाई विसरतात. समजा फंड १०० आहे, उत्पन्न ७ टक्के आणि महागाई ५ टक्के, तर फंडाची ताकद तेवढीच ठेवायची असेल तर तुम्ही फक्त २ देऊ शकता, उरलेले ५ परत मुद्दलात गेले पाहिजेत. सातच्या सात वाटलेत तर आकडा १०० च राहतो पण त्याची किंमत कमी होत जाते. किती वेगाने ते काढायला ७२ ला महागाईच्या दराने भागा, ६ टक्के महागाई असेल तर साधारण १२ वर्षांत पैशाची ताकद निम्मी. जगातली मोठी विद्यापीठंसुद्धा अशा फंडातून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच काढतात, आणि त्यांच्याकडे गुंतवणूक बघायला पगारी माणसं असतात.

नोबेल पारितोषिकाचंच बघा. १९०१ साली पहिल्या बक्षिसाची रक्कम १,५०,७८२ स्वीडिश क्रोनर होती, १९२३ साली ती १,१४,९३५ पर्यंत खाली आली होती. पैसे सुरक्षित रोख्यांतच ठेवा असं नोबेलच्या मृत्युपत्रात होतं आणि त्यात कर आणि महागाई. १९५३ साली शेअर्समध्ये गुंतवायची मोकळीक मिळाली, आणि तरी १९०१ इतकी खरी किंमत परत यायला १९९१ उजाडलं. एवढ्या मोठ्या फंडाची ही गत, तर आपल्या छोट्या फंडाचं काय होईल विचार करा.

म्हणून फंड छोटा असेल तर दुसरी पद्धत घ्या असं मी स्पष्ट सांगेन. दहा वर्षं दरवर्षी एका मुलाची खरोखर फी भरली जाईल एवढी रक्कम देणं, हे कायमस्वरूपी पण वह्यासुद्धा येणार नाहीत इतकं देण्यापेक्षा कितीतरी चांगलं. लोकांना "कायमस्वरूपी" म्हटलं की बरं वाटतं, पण घेणाऱ्या मुलाचा विचार करा. मध्ये नवीन देणग्या आल्या तर वर्षं वाढवता येतात.

रक्कम कोणाला द्यायची हेही ठरवा. फी असेल तर थेट संस्थेला भरा, पुस्तकं किंवा प्रवासासाठी असेल तर मुलाच्या खात्यात. आणि संस्थेला लेखी विचारून घ्या की बाहेरून स्कॉलरशिप मिळाली म्हणून ते स्वतःची सवलत कमी करतात का. असं होतं. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१७ साली सरकारी कॉलेजांपुरता यावर कायदा केला. सवलत कापली जाणार असेल तर तुमचे पैसे मुलाला मिळतच नाहीत, संस्थेची बचत होते फक्त.

पायरी ७: सगळं कागदावर

शाळा-कॉलेजमार्फत द्यायची की स्वतःचा ट्रस्ट काढायचा? छोट्या फंडाला संस्थेमार्फत द्या, हिशोब, ऑडिट, कर हे सगळं त्यांच्याकडे आधीच असतं. फक्त निवडीची पद्धत तुमची राहील असा लेखी करार करा. कर आणि नोंदणीचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, त्यामुळे पहिली देणगी घ्यायच्या आधी अकाउंटंटशी बोलून घ्या.

कागदात उद्देश लिहा, ती दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी लिहा, निवड कशी करायची ते लिहा, आणि बदल कोण आणि कसा करू शकेल हे नक्की लिहा. ऱ्होड्सच्या मृत्युपत्रात पुरुष उमेदवारच धरलेले होते, मुलींना ती स्कॉलरशिप खुली झाली १९७७ साली, म्हणजे पाऊण शतकाने, आणि त्यासाठी कायद्याचा आधार लागला. तुमची शाळा बंद पडू शकते, कोर्स बदलू शकतो, कमिटीतलं कोणी उरणार नाही असंही होऊ शकतं. म्हणून "कमिटीच्या पाचपैकी चार जणांच्या संमतीने, उद्देशाला धरून निकष बदलता येतील" अशी ओळ आणि "ही संस्था नसेल तर अमुक प्रकारच्या दुसऱ्या संस्थेकडे फंड जाईल" अशी ओळ ठेवा.

पायरी ८: देण्याचा दिवस

छोटा ठेवा. मुलाला आधी एकट्याला बोलावून सांगा आणि त्याला घ्यायची आहे का ते विचारा, कारण काही मुलांना गेलेल्या माणसाच्या नावाचं दडपण येतं. पत्रात "तू त्याच्यासारखा आहेस" असं लिहू नका, त्याने काय केलं ते लिहा, ती पाहिलेली गोष्ट, म्हणजे त्याला कळेल की कोणीतरी बघत होतं. गेलेल्या विद्यार्थ्याच्या घरच्यांना आभाराचं पत्र लिहायची सक्ती त्या मुलावर नको, पाया पडायला लावू नका, आणि फोटो त्याच्या मर्जीने. ज्याने नाव सुचवलं त्याला मात्र जरूर बोलवा, त्या मदतनीस काकांना पहिल्या रांगेत बसवा.

पायरी ९: पुढची वर्षं

चार-पाच वर्षांत त्याला ओळखणारा एकही विद्यार्थी शाळेत उरत नाही. तेव्हा त्या चिठ्ठ्या कामाला येतात, म्हणून त्या टाकू नका, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा आणि कमिटीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या मीटिंगआधी वाचायला द्या. कमिटीतले सगळे एकदम बदलू नका, दरवर्षी एक किंवा दोनच. एखाद्या वर्षी लायक नाव मिळालं नाही तर उगाच कोणालातरी देऊ नका, रक्कम पुढच्या वर्षात ढकला, ही सोयही कागदात असू द्या. देणगीदारांना वर्षातून एकदा एक पान पाठवा: किती आले, किती गेले, किती उरले. आणि फंड संपवायचा ठरवला असेल तर शेवटच्या दोन वर्षांआधी सगळ्यांना कळवा, पुढे चालवायची कोणाची इच्छा आहे का ते विचारा, नसेल तर शेवटची रक्कम देऊन खातं बंद करा, पूर्ण हिशोब घरच्यांना आणि देणगीदारांना पाठवा, आणि मूळ चिठ्ठ्या घरच्यांना हव्या आहेत का ते विचारून त्यांच्याकडे सोपवा.